‘भाडोत्री’ गाडी नको, भाड्याची गाडी हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विमानतळावरून प्रवासी आणणाऱ्या गाड्यांच्या दरांविषयी आपल्या वृत्तपत्रात गेल्या आठवड्यात एक बातमी आली होती. बातमी नेमकी होती, उपयोगी होती आणि तिच्या मजकुराविषयी माझी काही तक्रार नाही. पण एकाच गाडीला तिच्यात तीन नावे होती. शीर्षकात ती ‘कॅब’ होती, पहिल्या परिच्छेदात ‘टॅक्सी’ झाली आणि शेवटी, बहुधा तोच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये या सद्हेतूने, ती ‘भाडोत्री वाहन’ झाली आणि ती चालवणारा ‘भाडोत्री वाहनचालक’ झाला. आमच्या रामबागेतल्या गल्लीत अशी गाडी चालवणारा एक तरुण राहतो. मराठी त्याच्या घरची भाषा, शाळा मात्र सगळी हिंदीत झालेली, आणि आपले वृत्तपत्र तो मोबाईलवर उघडतो ते आजीला वाचून दाखवण्यासाठी. त्या शब्दाशी तो अडखळला आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन मला विचारू लागला, ‘‘काका, भाडोत्री तर गुंडे असतात ना?’’ ‘गुंडे’ हे अनेकवचन इंदुरी आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे. शंका मात्र अस्सल मराठी कानाची आहे. त्याला जे उत्तर दिले ते जरा विस्ताराने आपल्यालाही कळवावे, एवढ्यासाठी हे पत्र. माझी सारी नोकरी वाहनांच्या परवान्यांच्या फायलींत गेली असल्यामुळे गाड्यांच्या नावांविषयी मला गरजेपेक्षा जास्त ममत्व आहे, हेही आधीच कबूल करतो.

‘भाडोत्री’ हा शब्द मुळात वाईट नव्हे. भाडोत्री घर, भाडोत्री घोडा, भाडोत्री बैल असे पूर्वी लोक सहज म्हणत आणि त्यात ‘भाड्याने घेतलेला’ यापलीकडे काही सुचवायचे नसे. पुढे तो शब्द माणसाला चिकटला आणि त्याचा रंग पालटला. भाडोत्री मारेकरी, भाडोत्री सैनिक, भाडोत्री गर्दी, भाडोत्री साक्षीदार: आज वृत्तपत्रात तो ज्या शब्दांच्या संगतीत दिसतो त्यांतला एकही शब्द घरात घेण्यासारखा नाही. जो पैसे देईल त्याचे काम करणारा, स्वतःची निष्ठा नसणारा, असा अर्थ त्याच्यावर आता इतका घट्ट बसला आहे की गाडीला तो लावला तरी डाग गाडीवर न पडता चालवणाऱ्यावर पडतो. रात्री दोन वाजता म्हाताऱ्या आईला दवाखान्यात पोहोचवणाऱ्या माणसाला आपण ‘भाडोत्री’ म्हणतो आहोत, हे बातमी लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसणार.

ही घसरण एकट्या मराठीची नाही. आमच्या भोवतालच्या हिंदीत पैशासाठी कोणाचीही बाजू घेणाऱ्या माणसाला ‘भाड़े का टट्टू’ म्हणतात. आता इंग्रजीत पाहा. लंडनच्या कायद्यात भाड्याच्या गाडीचे नाव आजही ‘हॅकनी कॅरेज’ आहे. हॅकनी हे पूर्वी लंडनबाहेरचे आणि आता लंडनच्या पोटात गेलेले एक गाव; तिथल्या कुरणांवर चरणाऱ्या घोड्यांवरून साध्या, दुडक्या चालीच्या, कोणालाही बसायला मिळणाऱ्या घोड्याला ‘हॅकनी’ म्हणू लागले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अशी जनावरे भाड्याने मिळत, म्हणून गाडी भाड्याची झाली की तीही हॅकनी झाली. मग त्या नावाचा संक्षेप ‘हॅक’ झाला आणि तो पैशासाठी वाटेल ते लिहून देणाऱ्या लेखकाला चिकटला. आणि सगळ्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेल्या वाक्प्रचाराला ‘हॅकनीड’ म्हणू लागले. म्हणजे मध्य भारतात काय किंवा इंग्लंडात काय, बदनाम झाले ते एकच तट्टू, आणि त्याचा अपराध एवढाच की ते भाड्याने मिळत होते.

‘टॅक्सी’ या शब्दावर मात्र हा डाग कधी पडला नाही, आणि त्याचे कारण मला त्याच्या जन्मात दिसते. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘टॅक्सा’ म्हणजे आकारणी, ठरवून दिलेली रक्कम. ‘टॅक्स’ हा शब्दही त्याच घरातला, त्यामुळे आयकर आणि टॅक्सी ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे आहेत. गाडी किती अंतर गेली ते मोजून भाडे दाखवणारे यंत्र जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म गुस्ताफ ब्रून यांनी 1891 मध्ये तयार केले आणि जर्मनांनी त्याला ‘टॅक्सामीटर’ म्हटले. तेव्हा ते घोडागाडीवर बसवत; असे मीटर लावलेली मोटार प्रथम धावली ती 1897 मध्ये स्टुटगार्टला, आणि ती डाइम्लरच्या कारखान्यातली होती. फ्रेंचांनी शब्द घेतला, पण त्यांच्यातील ग्रीक जाणणाऱ्यांना मधला ‘आ’ खटकला. ‘क्रम, व्यवस्था’ या अर्थाच्या ‘टॅक्सिस’ या ग्रीक शब्दाकडे पाहून त्यांनी ‘टॅक्सामेत्र’चा ‘टॅक्सिमेत्र’ केला. त्या एका स्वराच्या दुरुस्तीमुळे आज सगळे जग ‘टॅक्सी’ म्हणते, आणि डेन्मार्कमध्ये मात्र जुना ‘आ’ टिकून राहिल्यामुळे तिथे अजून ‘टाक्सा’च बोलावतात. लंडनमध्ये मीटरच्या मोटारी 1907 च्या सुमारास रस्त्यावर आल्या आणि ‘टॅक्सिमीटर कॅब’ हे लांबलचक नाव लोकांनी वर्षभरातच तोडून टाकले. अर्थ इतकाच की टॅक्सी हे मुळात गाडीचे नाव नव्हेच, ते तिच्यात बसवलेल्या मोजमापाचे नाव आहे. आणि जिथे माप आहे तिथे देणारा आणि घेणारा दोघेही ताठ मानेने उभे राहतात.

‘कॅब’चे मूळ त्या मानाने अगदीच उनाड. फ्रेंचांची ‘काब्रिओले’ नावाची दोन चाकांची हलकी गाडी खाचखळग्यांतून उड्या मारत जाई, म्हणून तिला बकरीच्या बागडण्यावरून नाव पडले. लॅटिनमध्ये ‘कापेर’ म्हणजे बोकड. इंग्रजांनी ती उचलली, नाव तोडून ‘कॅब’ केले आणि जोसेफ हॅन्सम या वास्तुशिल्पी गृहस्थांनी 1834 मध्ये तिचा सुधारलेला नमुना पेटंट करून तिला लंडनची सवय लावली. पॅरिसमध्ये त्याआधी, सतराव्या शतकात, भाड्याच्या घोडागाड्या ज्या वाड्यासमोरून सुटत त्या वाड्यावर संत फियाक्र यांची पाटी होती. ते आयर्लंडहून आलेले संन्यासी, माळ्यांचे कैवारी, गाड्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही, पण गाडीचे नाव ‘फियाक्र’ पडले आणि व्हिएन्नात प्रवाशांना फिरवणारी घोड्याची बग्गी आजही ‘फियाकर’ आहे. नॉर्वेत टॅक्सीला ‘द्रोशे’ म्हणतात, तो रशियातील ‘द्रोश्की’ या घोडागाडीचा जर्मनीमार्गे गेलेला वंशज. घोडे गेले, पण नावे मोटारीला जुंपलेली राहिली.

या सगळ्या नावांत एक खोड सारखीच आहे. लोकांना शब्द लांब वाटला की ते तो कुऱ्हाडीने तोडतात, आणि कोणता तुकडा ठेवायचा याचा काही नियम नसतो. टॅक्सीचे डोके ठेवले, धड टाकले. जपानीतील ‘जिन-रिकि-शा’, म्हणजे माणूस-शक्ती-गाडी, यातला ‘माणूस’ तोडून आपण ‘रिक्षा’ केली. पुढे माणसाच्या जागी इंजिन आले तेव्हा ‘ऑटो’ जोडला आणि इंदुरात तर पुन्हा ‘रिक्षा’ तोडून नुसता ‘ऑटो’ ठेवला, म्हणजे ‘स्वतः’ एवढाच अर्थ उरला. बसचे तर याहून मजेशीर आहे. लॅटिनमधील ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यातला ‘बुस’ हा नुसता चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय, आपल्या संस्कृतातील ‘भ्यः’चा सख्खा भाऊ. शब्द गेला आणि प्रत्यय राहिला. ‘सर्वेभ्यः’मधला ‘भ्यः’ पकडून आपण रोज कामावर जातो, हे शाळेत सांगितले असते तर विभक्ती इतकी कंटाळवाणी वाटली नसती.

मापावरून नाव ठेवण्याची कल्पना युरोपाबाहेरही आढळते. हिब्रूत टॅक्सीला ‘मोनीत’ म्हणतात, आणि ते नाव मोजणे या अर्थाच्या धातूपासून, मीटरला जो शब्द आहे त्याच्या शेजारीच घडवलेले आहे. तैवानमध्ये ‘जी-छंग-छं’ म्हणतात: अंतर-मोजणारी-गाडी. चीनच्या मुख्य भूमीवर सरकारी नाव ‘छू-झू-छं’, म्हणजे भाड्याने दिलेली गाडी, पण बोलण्यातली गंमत हाँगकाँगहून आली. तिथे इंग्रजी ‘टॅक्सी’चा उच्चार चिनी अक्षरांत ‘दिक-सी’ असा बसवला होता. त्याचे पहिले अक्षर उत्तरेच्या उच्चारात ‘दी’ होऊन बीजिंगपर्यंत गेले आणि टॅक्सीने जाण्याला लोक ‘दा-दी’ म्हणू लागले. त्यातला ‘दा’ म्हणजे मारणे. आपले चालक ‘दोन भाडी मारली’ म्हणतात तेव्हा ते नकळत चिनी व्याकरणाला फार दूर नसतात. आणि टॅक्सी चालवणाऱ्याला तिकडे ‘दी-ग’ म्हणतात, ज्यात ‘ग’ म्हणजे थोरला भाऊ: आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्या ‘रिक्षाकाकां’सारखेच. माझ्या तरुण शेजाऱ्याला हा तपशील सर्वांत जास्त आवडला.

अरबीत ‘सय्यारत उज्रा’ म्हणतात. ‘उज्रा’ म्हणजे मोबदला, आणि उर्दूतली ‘उजरत’ तीच. ‘सय्यारा’ म्हणजे चालत राहणारी. जुन्या अरबीत हा शब्द तांड्याला लावत, आकाशातल्या ग्रहालाही लावत, आणि आज तो मोटारीला लावतात. भाड्याच्या गाडीला एवढे भारदस्त नाव दुसरीकडे कुठे मला आढळले नाही. इराणात साधी टॅक्सी रस्त्यातल्या अनोळखी माणसांनाही बसवून घेते, आणि ती एकट्यासाठी हवी असेल तर ‘दरबस्त’ असे सांगावे लागते: दार बंद. या शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्याच घरात आहेत, एक दरवाज्यात आणि एक बंदोबस्तात. तुर्कस्तानात उलट, सामायिक गाडीचे नावच ‘डोल्मुश’, म्हणजे भरलेली. आमच्या इंदूरचा जुना टेम्पो जर कोणी तुर्काने पाहिला असता तर त्याला दुसरे नाव सुचलेच नसते, कारण भरल्याशिवाय तो हलत नसे आणि भरल्यावरही आणखी दोघे बसत.

टेम्पोचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. राजवाड्यापासून छावणीपर्यंत कानठळ्या बसवत जाणाऱ्या त्या तीनचाकीला टेम्पो म्हणत, कारण हँबुर्गच्या ज्या कारखान्यातून तो नमुना भारतात आला त्याच्या गाड्यांचे नावच ‘टेम्पो’ होते आणि त्याचा अर्थ वेग. मुंबईत आमच्या पणजोबांच्या काळी भाड्याची जी बंद गाडी मिळे तिला ‘शिग्राम’ म्हणत, आणि 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन या कोशात तिचे मूळ ‘शीघ्र’ शब्दाशी जोडले आहे. एक शीघ्र, एक वेगवान. पैकी टेम्पोच्या वेगाविषयी मी साक्ष देऊ शकतो आणि ती अनुकूल नसेल. मात्र नावांच्या प्रवासात आपल्या बाजूनेही काही गेले आहे. जकार्तात तीनचाकी ऑटोला ‘बजाय’ म्हणतात, टांझानियात ‘बजाजी’ म्हणतात. पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार झालेल्या गाडीचे आडनाव दोन परक्या देशांत सामान्यनाम होऊन बसले आहे, आणि तिथल्या लोकांना ते आडनाव आहे हे ठाऊकही नसेल.

आता आपल्या घरचे शब्द. संस्कृतातील ‘भाटक’ या शब्दापासून मराठीत ‘भाडे’ झाले, हिंदीत ‘भाड़ा’, गुजरातीत ‘भाडुं’. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. कन्नडमध्ये ‘बाडिगे’, तेलुगूत ‘बाडुग’ आणि तमिळमध्ये ‘वाडगै’ अशी त्याची रूपे आहेत आणि तमिळमध्ये टॅक्सीला ‘वाडगै वंडि’ म्हणतात, म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तर भाड्याची गाडी. जो शब्द इंदूरपासून मदुराईपर्यंत एकाच अर्थाने चालतो आणि कुठेही मलिन झालेला नाही, तो सोडून त्याचे एकटे बदनाम झालेले विशेषण आपण का उचलावे, हा माझा प्रश्न आहे. ‘भाडे’ अजून स्वच्छ आहे. घरमालक भाडे मागतो, एसटीचे भाडे वाढते, रिक्षावाला ‘भाडं आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ प्रवासी मिळाला आहे असा असतो, आणि यातल्या कशानेच कोणाचा अपमान होत नाही. ‘भाड्याची गाडी’ म्हटले की व्यवहार कळतो. ‘भाडोत्री गाडी’ म्हटले की संशय येतो.

खरे सांगायचे तर मराठी माणसाला या गाडीसाठी नामाची गरजच फारशी पडली नाही, कारण त्याने ते काम क्रियापदाकडे सोपवले. ‘गाडी घेतली’ म्हटले की पेढे मागावेत, कारण ती विकत घेतली. ‘गाडी केली’ म्हटले की ती भाड्याची. ‘गाडी पकडली’ म्हणजे ती तिच्या वेळेने जाणारी होती आणि आपण धावत गेलो. ‘गाडी लावली’ म्हणजे एक तर ती कडेला उभी केली, नाही तर मुलांच्या शाळेसाठी महिन्याच्या बोलीने ठरवली, आणि दोहोंतले काय ते वाक्यावरून कळते. ‘टांगा केला’, ‘बैलगाडी केली’, ‘होडी केली’, ‘हमाल केला’ अशा पिढ्यानपिढ्यांच्या वाक्यांत भाडे हा शब्द न उच्चारताही पुरता व्यक्त झालेला आहे. माझी आजी उज्जैनला महाकाळाच्या दर्शनाला निघायची म्हणजे आदल्या रात्री आजोबांना एवढेच सांगायची, ‘‘गाडी करावी.’’ टॅक्सीच्या पोटात ‘टॅक्स’ म्हणजे कर आहे हे तिला कोणी सांगितले असते तर ती म्हणाली असती, मीही ‘कर’च म्हणते आहे.

गाडीत बसणाऱ्याच्या नावातही असाच फरक आहे, आणि इंदुरात राहून तो रोज कानावर पडतो. हिंदीत प्रवाशालाच ‘सवारी’ म्हणतात: ‘एक सवारी, राजवाड़ा, राजवाड़ा’. आपल्याकडे ‘स्वारी’ म्हणजे एखाद्या मोठ्या माणसाचे सलवाजम्यासह जाणे, आणि जुन्या घरांत ‘इकडची स्वारी’ म्हणजे यजमान. दोन्हींचे मूळ फारसी ‘सवार’, आणि त्याच्या पोटात प्राचीन इराणी भाषेतला ‘अस’, म्हणजे आपला ‘अश्व’, दडलेला आहे. म्हणून ‘घोडेस्वार’ या शब्दात मराठी माणूस एकाच वेळी दोन घोड्यांवर बसतो. हिंदीने प्रवाशाला चढण्यावरून नाव दिले, तर मराठीने त्याला ‘उतारू’ म्हटले: गाडीत बसल्याक्षणी तो कुठे उतरणार हेच आपल्याला महत्त्वाचे वाटले. यातून स्वभावाविषयी काही निष्कर्ष काढावा असे वाटत नाही, पण बाहेरगावचा प्रवासी पाहून इंदूरचा कंडक्टर आणि पुण्याचा कंडक्टर कोणता प्रश्न आधी विचारतील, हे मला ठाऊक आहे.

सरकारी भाषेनेही या बाबतीत पराक्रम केले आहेत आणि त्यांतले काही माझ्याच सहीने पुढे गेले आहेत. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात चालक सोडून सहापर्यंत प्रवासी भाड्याने नेणारी ती ‘मोटरकॅब’ आणि सहापेक्षा जास्त पण बारापर्यंत नेणारी ती ‘मॅक्सीकॅब’. संपूर्ण गाडी एका ठरावाने नेली जाते ती कंत्राटी, आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळे भाडे घेऊन माणसे चढवते-उतरवते ती टप्प्याची. महाराष्ट्रात दुसरीला ‘टप्पा वाहतूक’ म्हणतात, हा शब्द मला फार चांगला वाटतो. आमच्याकडच्या हिंदी प्रतीत पहिली ‘ठेका गाड़ी’ आणि दुसरी ‘मंजिली गाड़ी’ आहे. ‘मंजिली’ ऐकून अनेकांना दुमजली बस आठवे, जरी इथे मंजिल म्हणजे मुक्काम आहे. आणि ‘ठेका’ म्हटले की इंदुरात पहिल्यांदा देशी दारूचे दुकान डोळ्यांसमोर येते, तबल्याचा ठेका त्याच्यानंतर. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या गाडीमालकांनी मात्र यातला एकही शब्द कधी वापरला नाही. ते ‘टैक्सी में पास करानी है’ एवढेच म्हणत, आणि पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे आली की काम झाले. लोकांचा शब्द अर्ध्या मिनिटात कळत होता. कायद्याचा शब्द समजावून सांगण्यात माझी दुपार जाई.

म्हणून मी आपल्याला नवा शब्द सुचवत नाही. वृत्तपत्रांनी शब्द घडवल्याचे दाखले आहेत, त्यातला एक तर नेमका याच विषयातला आहे: डेन्मार्कमधील ‘पोलितिकेन’ या दैनिकाने 1902 मध्ये ‘ऑटोमोबिल’ला सुटसुटीत नाव सुचवण्यासाठी वाचकांची स्पर्धा घेतली आणि तीतून शेपटीचा तुकडा, ‘बिल’, निवडला गेला. तो शेजारच्या स्वीडन-नॉर्वेत पसरला, आइसलँडपर्यंत गेला, आणि आइसलँडमध्ये टॅक्सीला आज ‘लेगूबील’ म्हणतात ती त्याच ‘बिल’ला भाड्याचा शब्द जोडून. संपादकाच्या टेबलावरून निघालेला शब्द किती दूर जातो याचे हे उदाहरण आहे, आणि नेमके त्याच कारणाने आपल्या टेबलावरून ‘भाडोत्री वाहनचालक’ निघू नये असे मला वाटते. टॅक्सी हा शब्द मराठीत शंभर वर्षे रुळलेला आहे; त्याचे स्त्रीलिंग ठरलेले आहे, ‘टॅक्स्या’ असे अनेकवचन बायकापोरे बिनदिक्कत करतात, तेव्हा त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही. मोबाईलवरून बोलावलेल्या गाडीला तरुण मंडळी ‘कॅब’ म्हणतात, तर तिथे कॅब लिहावे. तिच्यात मीटर नसते आणि दर घटकेघटकेला बदलतो, त्यामुळे उड्या मारणाऱ्या बकरीचे नाव तिला शोभतेही. नियम किंवा दरपत्रक सांगताना मराठी शब्दच हवा असेल तर ‘भाड्याची गाडी’ आहे. ‘भाडोत्री’ मारेकऱ्यांसाठी राखून ठेवावा, त्यांची तक्रार येणार नाही.

जाता जाता एक छोटी विनंती, तीही नावांविषयीच. इंदूरची बातमी छापताना आमच्या ‘ऑटो’ची आपण दर वेळी ‘रिक्षा’ करता. पुण्यात ते बरोबर आहे. मागच्या मे महिन्यात माझी पुण्याची भाची स्टेशनवर उतरली, तिने मराठी सवयीने ‘रिक्षा’ मागितली आणि तिच्यासमोर बॅटरीवर चालणारी ई-रिक्षा येऊन उभी राहिली, जिच्यात आधीच चार सवाऱ्या होत्या. दोन बॅगा मांडीवर घेऊन ती रामबागेत पोहोचली तेव्हा पाऊण तास झाला होता. आमच्याकडे ऑटो निराळा, ई-रिक्षा निराळी, सामायिक चारचाकी ‘मॅजिक’ आणखी निराळी, आणि टॅक्सी म्हणजे ती, जी उज्जैनला किंवा ओंकारेश्वराला जायला करतात.

कळावे, लोभ असावा.

आपला एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर